‘पानथरी’त नसलेला कारकून

“थांब, थांब! लाथ अशी घालतात का?” सबनीसकाका खुर्चीतून उठले. “दामल्या, तू फुटबॉल खेळत नाहीयेस. तू माणूस मारतोयस!”

मी घाम पुसला. चैत्र संपत आलेला, मालधक्क्यामागची पत्र्याची खोली आणि माझ्या अंगात सासऱ्यांचा लोकरीचा कोट. गोऱ्या साहेबाची भूमिका माझ्याकडे आली होती ती काही माझ्या अभिनयामुळे नव्हे. शेवरगाव जंक्शनच्या सगळ्या हौशी नटांत घारे डोळे तेवढे माझे होते. पार्सल ऑफिसात दिवसभर पावत्या फाडणाऱ्या माणसाला देवानं काहीतरी द्यायचं म्हणून ते दिले असावेत. पण त्या डोळ्यांच्या जिवावर मी तोवर दोन कलेक्टर, एक औरंगजेबाचा सरदार आणि एक मिशनरी असे सगळे दुष्ट लोक करून चुकलो होतो.

हे नाटक मात्र निराळं होतं. नाव ‘पानथरी’. लिहिलं होतं सबनीसकाकांनी, म्हणजे गजानन सबनीस, रिटायर्ड गार्ड. उभी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली आणि तिथेच हे नाटक लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

गोष्ट आमच्याच जंक्शनची. इंग्रजी अमदानीत इथे हॉब्स नावाचा इंजिनशेडचा साहेब होता. त्याच्या ऑफिसात छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि व्हरांड्यात बसून त्याची दोरी लखा पगारे ओढायचा. एका वैशाखातल्या दुपारी पंखा थांबला. साहेब बाहेर आला, त्यानं लखाच्या पोटात लाथ घातली आणि दिवस मावळायच्या आत लखा मेला. खटला उभा राहिला, पण ज्युरीत बहुतेक गोरेच. डॉक्टरनं सांगितलं की इथल्या लोकांना सारखा हिवताप येतो, त्यानं पोटातली पानथरी सुजते, मग नुसता धक्का लागला तरी ती फुटते. त्यात साहेबाच्या बुटाचा काय दोष? साहेब सुटला. “गुन्हा शाबीत झाला तो मेलेल्याच्या पोटावर,” काका म्हणायचे आणि म्हणताना दरवेळी त्यांचा आवाज चढायचा.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी या नाटकाची गत होती. एकदा हॉल मिळाला तर नटी लग्न करून इंदूरला गेली. एकदा सगळं जमलं तर लखाचं काम करणाऱ्याची बदली झाली. आता काकांना एक झटका येऊन गेला होता. यंदाच्या स्पर्धेत नाटक लागलं नाही तर ते कधीच लागणार नाही, हे आम्हाला कळत होतं आणि त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं.

“काका, एक विचारू?” मी बुटाचे बंद सोडत म्हटलं. “एवढं मोठं ऑफिस आणि त्यात साहेब नि पंखावाला दोघंच? एखादा कारकून नको का? निदान कोर्टात साक्षीला?”

“कारकून नको. स्टेजवर उगाच गर्दी होते.”

“अहो, पण…”

“नको म्हटलं ना!” आणि त्यांनी तालीम मोडली.

घोडं अडलं ते दुसऱ्याच दिवशी. आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी काकांना बोलावून घेतलं. लखा पगारेचे नातलग पलीकडे निंबोऱ्याला आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. “खऱ्या माणसाचं मरण स्टेजवर दाखवायचं तर त्याच्या घरच्यांचा होकार हवा,” ते म्हणाले. “उद्या प्रयोगाच्या वेळी कुणी आडवं आलं तर? होकार आणा. नाहीतर यंदा आपण एखादं विनोदी नाटक करू.”

यात अध्यक्षांचं काही चुकलं नव्हतं. पण काकांचा चेहरा असा उतरला, जणू होकार आणायला निंबोऱ्याला नाही, विलायतेला जायचं होतं. शेवटी मीच रविवारी त्यांना एसटीत बसवलं.

“इतकी वर्षं हे लिहिताय, आणि त्या घरी एकदाही गेला नाहीत?” मी विचारलं.

“गार्डाला वेळ कुठे असतो,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पगाऱ्यांच्या दारात मांडव घातलेला होता. नातीची हळद होती त्या दिवशी. आम्ही नको त्या वेळी टपकलो होतो, पण कुणी तसं जाणवू दिलं नाही. जय भीम झाला, पाणी आलं, चहा आला. बाजेवर नवरीची आजी, भागाबाई, बसल्या होत्या. लखाची नात, वय ऐंशीच्या घरात, पांढरं स्वच्छ लुगडं आणि नजर अशी की समोरच्यानं उगाच आपली बटणं चाचपावीत.

काकांनी येण्याचं कारण सांगितलं. “भागाबाई, तुमच्या आजोबांना न्याय मिळाला नाही. निदान रंगमंचावर तरी लोकांना कळू दे, असं मला वाटतं. तुम्ही हो म्हणालात तरच.”

“वाचा की मंग,” भागाबाई म्हणाल्या. “ऐकल्याबिगर हो कसं म्हनू?”

काका वाचायला लागले. हळद कुटणाऱ्या बायकांनी हात थांबवले. दोन म्हातारे खांबाला टेकून बसले. काका वाचायचे छान, साहेबाचा आवाज वेगळा, डॉक्टरचा वेगळा. पहिला अंक संपला तेव्हा एका बाईनं डोळ्याला पदर लावला आणि मला वाटलं, जिंकलं. आता अंगठा, सही, जे काय असेल ते घ्यावं आणि दुपारची गाडी धरावी.

भागाबाईंचे डोळे कोरडे होते.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आमचा आजा बोलनार कधी?”

“तो… तो तर आता मेला ना, बाई.”

“त्ये समजलं. मरायच्या आधी?”

“आधी तो झोपलेला असतो. दोरी ओढता ओढता डुलकी लागते, म्हणून पंखा थांबतो.”

“झोपला व्हता असं कोन म्हनलं?”

“कोर्टाच्या कागदांत तसंच आहे.”

“कोर्टात आमचं कोन व्हतं बोलायला?” भागाबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. “लखा पगारे तमाशातला सोंगाड्या व्हता, भाऊ. मयताला गेला तरी मानसं हसवून यायचा, असं माझी आजी सांगायची. त्या दिशी त्यो झोपला नव्हता. दोरी टाकून उभा ऱ्हायला आन् व्हरांड्यात साहेबाच्या चालीची नक्कल केली. समदं हापिस हसत व्हतं. मागून साहेब आला.”

काका हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, चकित झाले असतील. मी तर झालोच होतो. तीन महिने मी ज्याला लाथ घालत होतो तो माणूस मला आत्ता कुठे भेटत होता.

“तुमच्या नाटकात त्यो नुसता पडून ऱ्हातो आन् मरतो,” भागाबाई म्हणाल्या. “मुक्या मानसाला मारायचं नाटक मला न्हाई बघायचं. माझा होकार न्हाई. राग धरू नका.”

झालं. संपलं. काकांनी कागद गोळा केले. ते मी पिशवीत घातले. मला त्या म्हातारीचा राग आला, आणि ती खोटं बोलली नाही हेही कळत होतं, म्हणून तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

“जेवून जा,” भागाबाई म्हणाल्या. “आन् सोंग बघून जा.”

“कसलं सोंग?”

“साहेबाचं. आमच्या हळदीला असतंच.”

ते कुठून आलं, हे त्यांनीच सांगितलं. लखा गेल्यावर त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, मोलमजुरी करून पोरं वाढवली. थोरल्या मुलीच्या हळदीला सगळं घर गप्प बसलं होतं. बाप असता तर त्यानं किती हसवलं असतं, हेच ज्याच्या त्याच्या मनात. कुणी हळदीचं गाणं उचलेना. तेव्हा सारजाबाई उठली, तोंडाला पीठ फासलं, डोक्यावर टोपलं उपडं घातलं आणि नवऱ्याला मारणाऱ्या साहेबाची चाल मांडवभर चालून दाखवली. तशीच, जशी लखा चालून दाखवायचा. आधी माणसं घाबरली, मग जी हसायला लागली ती थांबेचनात. त्या दिवसापासून पगाऱ्यांच्या घरात एकही हळद साहेबाच्या सोंगाशिवाय गेली नव्हती.

मी हे तोंड उघडं टाकून ऐकत होतो. तेवढ्यात नवरीची कुठली तरी मावशी माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, “अगं बया! घारा साहेब चालून आलाय घरी, आन् आपन पीठ कालवीत बसलोय!”

मग काय विचारता. बोलाफुलाला गाठ पडली. माझ्या डोक्यावर टोपलं आलं, तोंडात चिरूट म्हणून बाभळीची काडी आली. मी आपला तालमीतला करडा, भारदस्त हॉब्स काढायला गेलो, तर दोन पावलांतच बायका ओरडल्या, “असा न्हाई! पोट फुडं! ढुंगन मागं!” लखाचं काम भागाबाईंचा पुतण्या सुखदेव करत होता. एसटीत कंडक्टर, जिभेला हाड नाही. मांडवाच्या दोरीवर लुगडं टाकून पंखा केला होता. सुखदेवनं तो दोनदा ओढला आणि माझ्यामागे येऊन माझीच चाल चालायला लागला.

“यू! ब्लडी! पंखा क्यूं थांब्या?” मी गरजलो.

“साहेब, वारा दमला,” सुखदेव हात जोडून म्हणाला. “म्हनला, गोऱ्या मानसाला गार करता करता मीच तापलो.”

मांडव हसून लोळला. माझंही हसू काडीसकट बाहेर पडलं. मी लाथ उगारली. ठरल्याप्रमाणे सुखदेव टुणकन बाजूला झाला आणि मी धूळ खात पडलो. सोंगात ती लाथ कधीच लागत नसे. सारजाबाईनं ते तसंच ठरवून ठेवलं होतं.

पुढचा भाग न्यायाचा. हळदीनं माखलेली नवरी, शालन तिचं नाव, चौरंगावर न्यायाधीश होऊन बसली. आणि मग डोक्याला पागोटं नि कानावर पेन्सिल असा एक जण मिरवत आला. नवरीचे निवृत्तीमामा.

“बाबू,” शालननं विचारलं, “साहेबानं लखाला लाथ मारली. तू दारातच व्हतास. पाहिलंस का?”

निवृत्तीमामांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. “न्हाई पाहिलं बाई, न्हाई पाहिलं! नेमका डोळ्यात कचरा गेला!”

“गेला का कचरा? काढू का कचरा?” करत बायका त्यांच्यावर तुटून पडल्या आणि त्यांचे डोळे, नाक, तोंड हळदीनं भरून टाकलं. साहेबानं या गोंधळात ऐटीत निघून जायचं असतं. खरा साहेबही तसाच गेला होता. मी निघालो, पण माझं लक्ष काकांकडे गेलं आणि मी तिथेच थबकलो.

काका उभे होते. चेहरा पांढराफटक, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“भाऊ, काय झालं?” भागाबाई बाजेवरून उठल्या. “ऊन लागलं का?”

“हा बाबू,” काका म्हणाले, “याचं नाव ठाऊक आहे तुम्हाला?”

“बाबूला कसलं नाव? बाबूच.”

“विनायक सबनीस,” काका म्हणाले. “माझे आजोबा.”

निवृत्तीमामा तोंडावरची हळद पुसायची विसरले. माझी तर पाचावर धारण बसली. वाटलं, आता इथून आपण धड परत जात नाही. पण त्याहून जास्त मला कळलं ते हे, की काकांच्या नाटकात कारकून का नव्हता.

“मरायच्या आधी त्यांनी मला एकट्याला सांगितलं,” काका बोलत होते. “लखा नक्कल करत होता नि ते हसत होते. सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसत होते. आणि कोर्टात म्हणाले, मी पाहिलं नाही, तो झोपला असेल. मला सगळं ठाऊक होतं, भागाबाई. तरी मी लखाला झोपलेला लिहिला. तो जागा लिहिला असता तर आजोबांनाही स्टेजवर आणावं लागलं असतं.”

भागाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. लहानपणापासून ज्याला हळद फासत आलो त्या बाबूला घर होतं, नातू होता, हे त्यांच्याही कधी मनात आलं नसावं. मग त्या निवृत्तीमामांकडे वळल्या.

“निवरत्ती, पागोटं दे त्यांना.”

“आत्या, अगं…”

“दे म्हनते ना. आन् सोंग पुन्हा धरा, बाबूपासनं.”

काकांच्या डोक्यावर पागोटं ठेवलं गेलं. माझी मान धरून मला पुन्हा जागेवर उभं करण्यात आलं. सबनीसकाका, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्टेजवर पाय ठेवला नव्हता, शेणानं सारवलेल्या त्या अंगणात शालनसमोर उभे राहिले.

“बाबू,” शालन म्हणाली. तिचा आवाज आता सोंगातला राहिला नव्हता. “साहेबानं लखाला लाथ मारली. तू दारातच व्हतास. पाहिलंस का?”

काकांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. एका पोक्त बाईला त्यांची दया आली असावी. हळदीची वाटी धरून ती हळूच म्हणाली, “म्हना ना बाबा, न्हाई पाहिलं. तेवढंच म्हनायचं असतं.”

“पाहिलं,” काका म्हणाले.

वाटी तशीच हवेत राहिली.

“मोठ्यानं,” भागाबाई म्हणाल्या.

“पाहिलं!” आता काकांचा आवाज अंगणाबाहेर गेला. “मी दारातच होतो. लखा जागा होता. तो नक्कल करत होता आणि मी हसत होतो. साहेब मागून आला आणि त्यानं लखाला लाथ मारली. मी पाहिलं.”

आता पुढे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबू ‘पाहिलं’ म्हणतो, असं त्या मांडवात कधी झालंच नव्हतं. मी चोरासारखा मध्येच उभा. साहेबानं सुटून जायची वाट अशी एकाएकी बंद झालेली. शालननं आजीकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतीस?” भागाबाई म्हणाल्या. “न्यायाधीश तू हायेस.”

शालननं जरा विचार केला. मग माझ्याकडे बोट केलं. “साहेबानं पंखा वढावा. माझी हळद उतरस्तोवर.”

आणि तो मांडव असा काही गरजला की शेजारच्या आळीतली माणसं धावत आली. सुखदेवनं दोरी माझ्या हातात दिली नि माझ्या टोपल्यावर टपली मारली. मी पंखा ओढला. शालनला अंघोळीला नेईपर्यंत ओढला. खांदे भरून आले, तोंडावरचं पीठ घामानं वाहायला लागलं, पण खरं सांगतो, माझ्या कुठल्याही कामाला इतकी दाद कधी मिळाली नव्हती. काका बाजेच्या कडेला भागाबाईंच्या शेजारी बसले होते. पोरीबाळींनी त्यांच्या गालांना हळद लावली होती, ती नेहमीसारखी फासून नव्हे, व्याह्याला लावतात तशी.

उन्हं कलली तेव्हा आम्ही निघालो. भागाबाई वेशीपर्यंत आल्या.

“बसवा तुमचं नाटक, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता माझी ना न्हाई.”

“आता ते तसं नाही बसवता यायचं,” काका म्हणाले. “पहिल्यापासून लिहावं लागेल.”

“मंग लिवा. आन् आमच्या आज्याला चांगलं हासतं बोलतं लिवा.”

त्या वर्षी आमच्या मंडळानं विनोदी नाटक केलं आणि ते सपाटून पडलं. काका लिहीत राहिले. कारकून आला, लखा बोलायला लागला, इतका की बाकीच्यांना बोलायला जागा उरेना. काका म्हणायचे, “लेका, हा माणूस मला आवरतच नाही.” दुसरा अंक कधी पुरा झालाच नाही. काका गेले आणि ‘पानथरी’ कुठल्याच रंगमंचावर लागलं नाही.

पण असेपर्यंत निंबोऱ्याला एकही हळद त्यांनी चुकवली नाही. पत्रिका यायची, मानाचं आमंत्रण असायचं, आणि पागोटं घालून काका उभे राहायचे नि ‘पाहिलं’ म्हणायचे. दरवेळी तितक्याच मोठ्यानं. साहेब अर्थात मी. दोरी ओढून ओढून माझा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

परवा शालनच्या धाकट्या मुलीची हळद होती. आता मला ओढवत नाही, म्हणून साहेब सुखदेवचा जावई झाला आणि मला खुर्ची मिळाली. बाबूचं काम नवरीच्या आतेबहिणीनं केलं. पुण्याला नोकरी करते, दोन दिवसांच्या रजेवर आली होती, काजळाची मिशी काढून. काकांना तिनं कधी पाहिलेलं नाही. नवरीनं विचारलं, पाहिलंस का? आणि ती पोरगी छाती काढून म्हणाली, “पाहिलं!” सगळे हसले, साहेबाला दोरी दिली.

जेवताना मी तिला सहज म्हटलं, “पूर्वी या सोंगातला बाबू ‘नाही पाहिलं’ म्हणायचा, माहीत आहे का?”

ती हातातला घास थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हातारा काहीतरी चुकतोय अशा समजुतीनं, गोड आवाजात म्हणाली, “छे हो काका, असं कसं म्हणेल? दारातच तर होता ना तो.”